निरंक असल्यास तसे कळवावे

सरकारी पत्रातलं माझं सगळ्यात नावडतं वाक्य म्हणजे 'माहिती निरंक असल्यास तसेही कळवावे'. काही घडलं नसेल, तर काही घडलं नाही असं बसून लिहा. तेही विहित नमुन्यात, आजच्या आज.

मराठवाड्यातल्या एका तहसिलीत मी कारकून. मूळ टेबल संजय गांधी निराधार योजनेचं. शेजारचे अण्णा रिटायर झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि नैसर्गिक आपत्तीचं टेबल 'तात्पुरतं' माझ्याकडं आलं. अण्णांच्या खुर्चीवर आता गठ्ठे बसतात. मी नाही म्हणू शकलो असतो का? शकलो असतो, पण जो मुकाट काम उरकतो त्याच्याच टेबलावर पुढचं काम येऊन पडतं, ही आमच्याकडची जुनी रीत.

2025 च्या सप्टेंबरात पावसानं मराठवाडा झोडपून काढला. उभं सोयाबीन पाण्यात गेलं. मग पंचनामे, मदतीला पात्र असं 33 टक्क्यांच्या वरचं नुकसान, याद्या, यादीतल्या प्रत्येकाचा विशिष्ट क्रमांक, ई-केवायसी. यादीतला एक माणूस आधारवर बाबूराव, सातबारावर बाबू आणि पासबुकात बाबाराव. तिन्ही झेरॉक्स हातात धरून तो स्वतः समोर उभा. तेवढ्यात मोबाईलवर जिल्ह्याचा मेसेज, गावनिहाय तक्ता पाठवा. पाठवला. दुपारी तोच तक्ता पुन्हा मागवला, फक्त रकाने इकडचे तिकडं केलेले. संध्याकाळी व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. विषय, प्रकरणं प्रलंबित का.

काम जास्त आहे याचं मला फारसं वाईट वाटत नाही. आमच्या पिढीला काम नसल्याचंच भ्या जास्त. वैताग येतो तो कामाचा हिशेब देण्यात काम बुडतं तेव्हा. कागद एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असा 2005 चा कायदाच आहे. चांगला कायदा आहे. पण टेबलं दोन आणि माणूस एक असेल, तर ते सात दिवस कुणी कुणाला वाटून द्यायचे?

आमच्याकडं सहा गठ्ठा पद्धत आहे. चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. माझा प्रतीक्षाधीन गठ्ठा बाजरीच्या कणसासारखा भरत जातो. म्हणून मी मनातल्या मनात सातवा गठ्ठा केलाय, ज्या कागदामागं माणूस उभा आहे त्याचा. तो आधी. नुसता जावक क्रमांक घेऊन आलेला कागद नंतर, मग त्यावर 'अत्यंत तातडीचे' असा शिक्का का असेना. तो शिक्का आताशा सगळ्याच कागदांवर असतो.

हे मला एका मावशीनं शिकवलं. हयातीच्या दाखल्यासाठी आली होती. मी तक्त्यात मान घालून बसलेलो. बराच वेळ उभी राहून म्हणाली, "भाऊसाहेब, म्या जित्ती हाव का न्हाई हे बघायला तुमाला किती टाईम लागायलाय? तीनची यष्टी गेली की मुक्काम करावा लागंल बगा." निराधार योजनेचे महिन्याचे 1500 रुपये चालू राहावेत म्हणून ती आली होती. तक्ता त्या दिवशी उशिरा गेला. लेखी खुलासा मागवला, तोही मी विहित नमुन्यातच दिला.

कार्यालयाच्या मागंच अभ्यासिका आहे. रात्री उशिरा निघालो तरी तिथले दिवे चालू असतात. 2023 मध्ये तलाठ्यांच्या 4644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. त्यांच्यातली पोरं चहाच्या टपरीवर गाठून विचारतात, "भाऊसाहेब, जागा कवा निघायल्यात?" आत रिकाम्या खुर्च्या, बाहेर खुर्चीसाठी रात्री जागणारी पोरं, मध्ये एक भिंत.

त्यातलाच एक परवा आमच्याकडं रुजू झाला. कडक इस्त्री, बरोबर पावणेदहाला हजर. साहेबांनी दुपारपर्यंत त्याच्या नावावर दोन टेबलं लिहिली. सहा वाजता त्यानं हळूच विचारलं, "सर, शनिवारी सुट्टी असते ना?"

"असते की," मी म्हणालो. "व्हीसी नसली तर."