वट्ट्यावर चढायला शिडी

बसस्टँडसमोर नवा फूटपाथ झाला, त्याच दिवशी आईनं निकाल देऊन टाकला, ‘ह्या वट्ट्यावर चढायला शिडी आणू का रे?’ गुडघे दुखतात तिचे. ती आपली रस्त्याच्या कडेनंच चालत राहिली, काळीपिवळी आणि उसाच्या ट्रॅक्टरांना चुकवत. मी टेप घेऊन गेलो. उंची ३४ सेंटिमीटर. आमच्या जिन्याची पायरी १७ ची आहे.

लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आमचं. नगरपरिषदेत अर्ज दिला, तर ‘सर, हा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा.’ बांधकामच्या उपविभागात गेलो, तर ‘डांबर तेवढं आमचं, फूटपाथ त्यांचा.’ म्हणजे आई कुठं पडली यावर खातं ठरणार! यातच तीन महिने गेले. चूक माझीही झाली. पहिल्या अर्जाची पोच घेतली नव्हती, आणि आवक-जावकच्या वहीत तो अर्ज कुणाला सापडेना.

मग माहितीचा अधिकार. जोडपत्र अ हा अर्जाचा ठरलेला नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. ‘फूटपाथ इतका उंच का’ असं विचारून उपयोग नसतो. ‘का’चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. मागायचे ते कागद. मी अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि फूटपाथच्या आडव्या छेदाचा नकाशा मागितला. मुदत ३० दिवसांची. सत्ताविसाव्या दिवशी प्रती मिळाल्या, २ रुपये पानाप्रमाणे. काम बांधकामचंच निघालं, आणि नकाशात उंची होती १५ सेंटिमीटर! इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या पादचारी सोयींच्या मार्गदर्शिकेतही कमाल उंची तेवढीच. खालच्या गटाराची खोदाई वाचवायला कंत्राटदारानं सगळा स्लॅबच वर उचलला होता.

ते कागद घेऊन जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला गेलो, तिथं थेट जिल्हाधिकारी साहेबांसमोर तक्रार मांडता येते. महिन्याचा पहिला सोमवार. अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. पादचाऱ्यांचा फूटपाथवरचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये म्हटलंय, त्याचं कात्रणही जोडलं होतं. ते कुणी वाचलं नाही. टेप लावलेला फोटो मात्र साहेबांनी दोनदा पाहिला आणि अभियंत्यांकडे सरकवला, ‘हे तुमचंच ना?’

फूटपाथ काही खाली आला नाही. दोन्ही टोकांना रॅम्प मंजूर झाले. पहिला दीड मीटरमध्येच उरकला, निव्वळ घसरगुंडी. उतार १:१२ हवा, म्हणजे ३४ सेंटिमीटरला चार मीटर. हे त्या मिस्त्रीला खडूनं जमिनीवर आखून दाखवलं. बिचारा म्हणाला, ‘असं कुणी सांगितलंच नव्हतं ओ.’ तोडून पुन्हा केला.

रॅम्पच्या तोंडाशी आता कणसांचा गाडा लागतो. आई दिसली की तो पोरगा ‘या आज्जी’ म्हणत गाडा मागं ओढतो. मी एकटा असलो की नाही ओढत.