बीड, चांदी आणि श्राव्यातीत ध्वनी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका परिचितांच्या फाउंड्रीत ओतलेले भाग गाडीत चढण्याआधी तपासणीच्या टेबलावर येतात. तिथला कामगार भागावर थोडे जेल लावतो, त्यावर अंगठ्याएवढा प्रोब टेकवतो आणि पडद्यावरचा आकडा पाहून भाग एका बाजूला ठेवतो. तो आकडा बिडातून, म्हणजे ओतीव लोखंडातून, जाणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीच्या (माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या ध्वनीच्या, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या) वेगाचा असतो. बिडातला कार्बन, म्हणजे ग्रॅफाइट, गोळ्यांच्या रूपात असेल तर हा वेग सेकंदाला सुमारे ५६०० मीटर भरतो. तेच ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात राहिले असेल तर तो ५००० मीटरच्याही खाली येतो, कारण हे पापुद्रे लहरीच्या वाटेत बारीक भेगांसारखे आडवे येतात. ग्रॅफाइटच्या गोळ्या घडवणारे मॅग्नेशिअम रसात नीट लागले की नाही, हे भाग न कापता समजते.

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत हेच तत्त्व आम्ही द्रवांसाठी वापरतो. इंटरफेरोमीटर या ध्वनीची तरंगलांबी मोजणाऱ्या उपकरणाच्या तळाशी असलेला क्वार्ट्झ स्फटिक २ मेगाहर्ट्झने कंप पावत असतो आणि मायक्रोमीटरचा स्क्रू सावकाश फिरवताना काटा दर ०.३७ मिलिमीटरला एकदा वर उसळतो. ही अर्धी तरंगलांबी. तिच्यावरून पाण्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४८० मीटर येतो आणि घनता ठाऊक असल्यास पाण्याची संपीड्यताही (दाबाखाली ते किती आकसते ते) काढता येते. पाणी कोमट असले की उत्तर बदलते, म्हणून तापमान लिहिल्याशिवाय मी कोणाचेही निरीक्षण तपासत नाही.

इथवर लहर पदार्थाला धक्का न लावता त्याची चौकशी करते. तिची तीव्रता वाढवली की मात्र द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, फुगतात आणि क्षणार्धात कोसळतात. अशा कोसळण्याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले होते. कोसळत्या बुडबुड्याच्या आत सुमारे ५००० केल्विन तापमान आणि १००० वातावरणांच्या आसपास दाब निर्माण होतो, पण ही उष्णता इतक्या वेगाने निघून जाते की भोवतालचा द्रव जवळपास थंडच राहतो. केनेथ सस्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये लोहाच्या कार्बोनिल संयुगापासून याच मार्गाने अस्फटिकी लोखंड मिळवले. अणूंना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही. भट्टी न पेटवता भट्टीचे तापमान मिळणे, हे मला आजही विलक्षण वाटते.

पाण्यात हे बुडबुडे पाण्याच्याच रेणूंचे तुकडे करतात. त्यातून निघालेले हायड्रोजनचे मुक्त अणू चांदीच्या आयनांचे क्षपण करतात, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देऊन धातुरूप चांदी बनवतात, आणि सिल्व्हर नायट्रेटचे रंगहीन द्रावण, कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून योग्य पदार्थ घातलेला असल्यास, हळूहळू पिवळे होते. हा पिवळा रंग म्हणजे चांदीच्या नॅनोकणांनी ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषल्याची खूण. हुपरीच्या पैंजणांच्या सांध्यात अडकलेले पॉलिश ज्या प्रकारच्या अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये निघते, त्याच प्रकारच्या टाकीत मी सुरुवातीला हे कण बनवत होतो.

एके दिवशी द्रावण सुरेख पिवळे झाले, तर दुसऱ्या दिवशी, तीच रसायने आणि तेवढाच वेळ असूनही, गढूळ राखाडी गाळ हाती आला. महिनाभर मी रसायनांनाच दोष देत राहिलो. शेवटी ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा टाकीत उभा धरला आणि मिनिटभराने उजेडात पाहिला: कोसळत्या बुडबुड्यांमुळे काही पट्ट्यांत चाळणीसारखी भोके पडली होती, तर मधल्या भागावर ओरखडाही नव्हता. ४० किलोहर्ट्झला पाण्यातील तरंगलांबी सुमारे ३७ मिलिमीटर असते, त्यामुळे बीकर बोटभर सरकला तरी त्याच्या वाट्याला येणारा ध्वनी बदलतो. तो सरकत होता, आणि त्याची नोंद मी करत नव्हतो.

यंत्रावर छापलेले वॅट हे विजेचे असतात. द्रवात प्रत्यक्ष किती शक्ती उतरली ते पाण्याचे तापमान किती वेगाने चढते यावरून कळते. १०० ग्रॅम पाणी मिनिटाला ३ अंशांनी तापत असेल, तर ती शक्ती जेमतेम २१ वॅट असते. म्हणूनच ‘अर्धा तास अल्ट्रासाउंड दिला’ एवढेच लिहिलेली कृती मला अपुरी वाटते: वारंवारता, भांडे, त्याची जागा, तापमान आणि मोजलेली शक्ती दिल्याशिवाय ती दुसऱ्याच्या हातून तशीच उतरणार नाही. टाकीऐवजी द्रवात बुडवायचा कंप पावणारा प्रोब वापरत असाल तर त्याचे टायटॅनियमचे टोक झिजून त्याचे कण नमुन्यात मिसळतात, तेही तपासावे.

आमच्याकडे आता विद्यार्थी आधी फॉइल धरतात, टाकीच्या काठावर बीकरची जागा मार्करने आखतात आणि भोके पडलेला तो तुकडा तारखेसह प्रयोगवहीत चिकटवून मगच चांदीचे द्रावण आत ठेवतात.