वर्गणी घ्या, कर नको

२ ऑक्टोबर २०२१ ची ग्रामसभा. यवतमाळ जिल्ह्यातलं छोटं गाव, मी ग्रामसेवक. मास्क बहुतेकांच्या हनुवटीवर. सहावा विषय होता आरोग्य करात घरामागं वर्षाला वीस रुपयांची वाढ. फवारणीच्या हायपोक्लोराइटचं बिल थकलेलं, शाळेतल्या विलगीकरणाचा किराणा उधार, आणि लॉकडाऊनपासून घरपट्टीची वसुली नावालाच.

विषय वाचून होतो न होतो तोच मागून आवाज आला, "कायचा कर जी? कोरोना तं गेला!"

बचत गटातली एक बाई उठली. "साहेब, शाळेतल्या लोकाईसाठी आमी पाळीपाळीनं पोया भाजल्या. तुमाले मजुरी मांगतली का?"

नव्हती मागितली. वर्गणीची वही माझ्यासमोरच होती. कुणी पायलीभर तूर, कुणी एक्कावन्न रुपये. "कायचा कर" म्हणणाऱ्यानं शंभर दिले होते, तेही काम बंद असताना.

"मग वीस रुपयांचं एवढं काय?" मी विचारलं.

"वीसचं नाई जी. वर्गणी देल्ली का संपली. कर एक डाव लागला का निंघत नाई." ट्रॅक्टरवाल्यानं दुजोरा दिला, "डिझलवरचे ते दोन रुपये निंघाले का?" राज्यानं १ जून २०२० पासून लावलेले. त्याआधी मे महिन्यात केंद्रानं डिझेलवर वाढवलेल्या तेरा रुपयांचं नाव मी मुद्दामच काढलं नाही.

माझ्या मदतीला आले रिटायर पोस्टमास्तर. १९७१ ला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लागायचं, ते दीडेक वर्षात बंदही झालं, म्हणाले.

"दुसरा सांगा."

मला दुसरा आठवला, पण उलटाच. रोजगार हमीसाठी १९७५ ला आलेला व्यवसाय कर. माझ्याच पगारातून दरमहा दोनशे जातात, फेब्रुवारीत तीनशे. मी गप्प बसलो.

ठराव नामंजूर. मी दप्तर आवरायला घेतलं, तर तोच शंभरवाला टेबलाशी आला आणि पन्नासची नोट ठेवली. "किराण्यावाल्याचे देऊन टाका." त्याच्यामागं आणखी सात-आठ जण. करपावतीचं नमुना १० चं पुस्तक पिशवीत घातलं, साध्या पावतीचं नमुना ७ काढलं.

"साहेब," तो माझ्या पेनाकडे बघत म्हणाला, "कर लिवू नका बरं त्याच्यावर."