संत्र्याचा वास पावडरीत कोंडताना

लिमोनीन, म्हणजे संत्र्याच्या तेलाचा मुख्य घटक, १७६ अंश सेल्सिअसला उकळते आणि स्प्रे ड्रायरमध्ये, म्हणजे मिश्रण गरम हवेत फवारून पावडर करणाऱ्या यंत्रात, हवा शिरते १८० अंशांना. मग संत्र्याच्या सालीचे तेल त्यातून वाचते कसे, हा प्रश्न स्प्रे ड्रायरसमोर पहिल्यांदा उभे राहणाऱ्या प्रत्येकाला पडतो. खरे तर थेंब एवढा तापतच नाही. त्यात पाणी आहे तोवर बाष्पीभवन त्याला गार ठेवते, तापमान पन्नास अंशांच्या आसपास राहते. तेवढ्यात थेंबावर डिंकाची आणि माल्टोडेक्स्ट्रिनची (स्टार्च तोडून केलेली पावडर) साय धरते. तिच्यातून पाण्याचा रेणू (रेणुभार १८) सुटतो, लिमोनीनचा (१३६) अडकतो. नेदरलँड्सचे संशोधक थायसेन यांनी १९६०च्या दशकात हा विचार मांडला आणि माझे सगळे काम त्याच्यावरच उभे आहे: साय जितक्या लवकर धरेल तितका वास आत राहील. त्यामुळे माझा निम्म्याहून जास्त वेळ ड्रायरच्या आधीच्या बादलीत जातो.

१ किलो घन भागाचा माझा हिशेब असा: गम अरेबिक (हाच तो डिंक) २०० ग्रॅम, १० डीईचे (डीई म्हणजे स्टार्च किती तुटला त्याचे माप) माल्टोडेक्स्ट्रिन ६०० ग्रॅम, तेल २०० ग्रॅम, पाणी दीड लिटर. म्हणजे फवारायच्या मिश्रणात घन भाग ४० टक्के. पाणी वाढवले की मिश्रण पातळ होते, पंप सुखाने चालतो, पण साय धरायला उशीर होतो आणि तेल उडते. डिंक वाढवला तर मिश्रण इतके घट्ट होते की थेंब नीट फुटत नाहीत. माल्टोडेक्स्ट्रिन स्वस्त आणि पातळ राहणारे आहे, पण तेल धरून ठेवायची ताकद त्यात नाही. ते फक्त भिंत बांधते. तेल धरतो तो डिंक, कारण त्याच्यात थोडी प्रथिने असतात. म्हणून डिंक आणि तेल निदान वजनास वजन ठेवतो. डिंकाऐवजी ओएसए स्टार्च (तेल धरेल असा रासायनिक बदल केलेला स्टार्च) वापरला तरी चालते, आणि तो डिंकाइतका घट्ट होत नाही.

डिंक ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात भोवरा करून हळूहळू भुरभुरायचा. एकदम ओतला की गुठळ्या होतात: बाहेरून ओल्या, आतून कोरड्या. त्या पुढे नोझलमध्ये जाऊन बसतात. द्रावण गाळून रात्रभर ४ अंशांना ठेवतो. डिंक पूर्ण फुगतो आणि फेसही बसतो. बाहेर ठेवू नये, आंबते. सकाळी माल्टोडेक्स्ट्रिन विरघळवायचे आणि द्रावण २५ अंशांखाली आल्यावरच तेल घालायचे. गरम द्रावणात तेल घातले तर खोलीभर सुंदर वास सुटतो, आणि खोलीत आला तेवढा पावडरीतून गेला.

आधी हाय शिअर मिक्सर ५ मिनिटे, मग होमोजिनायझरमधून (दाबाने तेलाचे कण फोडणारे यंत्र) दोन वेळा, पहिल्या टप्प्यावर २०० बार आणि दुसऱ्यावर ५०. तेलाचा कण १ मायक्रॉनच्या आत हवा. मोठे कण फवारताना फाटतात आणि तेल पावडरीच्या पृष्ठभागावर येते. कण मोजायचे यंत्र नसेल तर ग्लासभर पाण्यात इमल्शनचा, म्हणजे तेलाचे कण पसरलेल्या या मिश्रणाचा, एक थेंब टाका. निळसर झाक आली तर कण बारीक आहेत. नुसते दुधासारखे पांढरे झाले आणि वर चकाकणारे ठिपके दिसले तर पुन्हा होमोजिनायझर. शिवाय थोडे इमल्शन काचेच्या उभ्या नळीत तासभर ठेवायचे. तेलाची घनता ०.८४, म्हणून कण मोठे असतील तर वर थर धरतो.

ड्रायर नेहमी साध्या पाण्यावर सुरू करतो. आतली हवा १८०, बाहेर पडणारी ८५ ते ९०. दोन्ही स्थिर झाल्यावरच नळी इमल्शनमध्ये टाकतो. बाहेरचे तापमान थेट कुठल्या बटणाने ठरत नाही, ते पंपाच्या वेगाने राखायचे: मिश्रण वाढवले की उतरते, कमी केले की चढते. तासाला १ लिटर पाणी उडवणाऱ्या यंत्रावर वरची बॅच साधारण दीड तास चालते. तेवढा वेळ इमल्शन हलके ढवळत ठेवावे लागते.

बाहेरचे तापमान ७५ च्या खाली घसरले की ड्रायरच्या शंकूच्या आकाराच्या तळात ओलसर थर चिकटू लागतो. ते १०० च्या वर गेले तर पावडर छान सुटी मिळते, पण तेल कमी भरते. आतली हवा २१० च्या पुढे नेली की कण फुग्यासारखे फुगतात, साय फाटते. दोन प्रवाहांच्या (दाबाच्या हवेने द्रव फोडणाऱ्या) नोझलमध्ये हवेचा दाब वाढवायचा मोहही टाळावा. कण बारीक होतात, पृष्ठभाग वाढतो, उघडे तेल वाढते.

याच मापात फळाचा रस वाळवायला गेलात तर सगळे भिंतीला चिकटेल. कोरड्या फ्रुक्टोजचे काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर काचेसारखा कडक पदार्थ मऊ, चिकट होतो) सुमारे ५ अंश, ग्लुकोजचे ३१, सुक्रोजचे ६२. १० डीईच्या माल्टोडेक्स्ट्रिनचे १६० च्या घरात. रसात माल्टोडेक्स्ट्रिन घालतात ते हे तापमान वर ओढायला.

पावडरीतले तेल मोजताना दोन चुका नेहमी होतात. ओलावा ओव्हनमध्ये वजन घटवून काढला तर उडालेले तेलही त्यात मोजले जाते; कार्ल फिशर पद्धत (फक्त पाणी मोजणारी रासायनिक चाचणी) वापरावी, २ ते ४ टक्के आला पाहिजे. दुसरी, पृष्ठभागावरचे तेल हेक्झेनने (तेल विरघळवणारा द्रव) धुऊन, हेक्झेन उडवून उरलेले वजन करणे. लिमोनीन हेक्झेनबरोबर उडते आणि आकडा फसवा सुंदर येतो. ते धुतलेले हेक्झेन गॅस क्रोमॅटोग्राफवरच (घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) तपासावे.

एकूण तेलासाठी १० ग्रॅम पावडर १५० मिलिलिटर पाण्यात, फेसरोधकाचे दोन थेंब टाकून, क्लेव्हेंजर उपकरणात (वाफेबरोबर आलेले तेल मोजनळीत जमा करणारे) ३ तास उकळतो. २.२ मिलिलिटर तेल मिळाले तर गुणिले ०.८४, म्हणजे १.८५ ग्रॅम, घातले होते २ ग्रॅम, टिकले ९२ टक्के. ८५ च्या खाली आले की मी आधी इमल्शनकडे बघतो, ड्रायरकडे नंतर.

पाण्यात विरघळणारे हलके वास, उदाहरणार्थ ॲसिटाल्डिहाइड किंवा इथाइल ॲसिटेट, या पद्धतीत बरेच निसटतात. तिथे फ्रीज ड्रायर बरा, आणि नमुना झटपट गोठवण्यापेक्षा हळू गोठवलेला वास जास्त राखतो. बीटा सायक्लोडेक्स्ट्रिनही आहे: सात ग्लुकोजचे कडे, एका कड्यात लिमोनीनचा एक रेणू, म्हणजे वजनाने जेमतेम ११ टक्के. टिकते फार चांगले, पण भार स्प्रेच्या निम्मा.

पावडर सायक्लोनमधून (हवेतून पावडर वेगळी करणारा ड्रायरचा भाग) निघताच थंड करून ॲल्युमिनियमच्या लॅमिनेट पिशवीत, नायट्रोजन भरून बंद करायची. टोकोफेरॉल (ऑक्सिडीकरण रोखणारे ई जीवनसत्त्व) घालायचे तर तेलातच, इमल्शनच्या आधी. नंतर घालून उपयोग नाही. (कोरडी पावडर हवेत उडाली तर पेट घेऊ शकते आणि तेलही ज्वलनशील आहे, तेव्हा गळणारी गॅस्केट लगेच बदला.)

टिकाऊपणा बघायला दोन बंद बरण्या पुरतात. एकीत मॅग्नेशियम क्लोराइडचे संपृक्त द्रावण, २५ अंशांना ३३ टक्के आर्द्रता; दुसरीत मिठाचे, ७५ टक्के. दोन्हींत उघड्या बशीत पावडर. मिठाच्या बरणीतली पावडर आधी गोळा होते, मग भिंत मऊ पडून तेल सुटते. पहिलीतली सुटीच राहते, तरी दर आठवड्याला हुंगून बघायची: संत्र्याच्या जागी शहाजिऱ्यासारखा किंवा टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागला तर लिमोनीनचे ऑक्सिडीकरण होऊन कार्व्होन आणि लिमोनीन ऑक्साइड तयार होत आहेत. अशा वेळी पृष्ठभागावरच्या तेलाचा आकडा काढून बघतो; बहुतेकदा तो जास्तच निघतो.