सीतेच्या आसवांसाठी थांबताना

कासच्या पठारावर सीतेची आसवं ही जांभळी रानफुलं बघायची असतील तर सगळं तारखेपाशी अडतं, आणि दर वर्षी माझी चिडचिड होते ती यावरूनच. प्रवेशाचं आरक्षण आधी, सुट्टी त्याच्याही आधी, आणि फूल पावसाशिवाय कुणाचं ऐकत नाही. साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे साधारण 25 किलोमीटर. रस्त्याचं काही विशेष नाही.

एका पावसाळ्यात उगवून, फुलून, बी धरून संपणारी ही वनस्पती. तिला खरी मुळंच नसतात. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, मातीचा पातळ थर, त्यातून झिरपणारं पाणी, आणि त्यात पसरलेले तिचे बारीक धागे. धाग्यांवर मोहरीहूनही लहान पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून आतला दाब कमी ठेवते. तोंडाजवळच्या केसांना सूक्ष्म जीव लागला की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. या मातीत नत्र फार कमी, ते ती असं मिळवते. म्हणून सडा वाळला की तिचं सगळंच थांबतं. भाद्रपदात लांब उघडीप पडली की जांभळा गालिचा बघता बघता विरतो. उलट, पावसाची झड आणि दाट धुकं असलं तर चार पावलांवरचं दिसत नाही. सरी येऊन जाताहेत, मधे ऊन पडतंय आणि सडा ओला आहे, असे दिवस गाठायचे. सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा मला त्यातल्या त्यात भरवशाचा वाटतो. तरी निघण्याच्या दोन दिवस आधी तिथल्या कुणाला तरी फोन करा, आणि 'फुलं आलीत का' असं न विचारता 'सडा ओला आहे का' असं विचारा.

शनिवार-रविवार टाळा. आरक्षणाचा कागद छापून घ्या, वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

गेंद या दुसऱ्या रानफुलाच्या पांढऱ्या गोंड्यांचा पट्टा दिसला की तिथेच शोधा, दोघांनाही तीच ओल लागते. आसवांचं फूल नखाएवढं, दोन ओठांचं, मागे शेपटीसारखी सोंड. दहापटीचं भिंग न्या, पण ओणवं होऊन बघा, पायवाटेवरूनच. एक पाऊल आत पडलं तर खालचे धागे चिरडतात आणि त्या जागेचं बी धरायचं राहून जातं. फोटोसाठी फुलांत बसणाऱ्यांना मी दरवेळी उठवतो. वाईट दिसलं तरी चालेल, पुढच्या पावसाळ्यात उगवणार ते याच बियांतून.