माळ्यावरचे डबे

परवा रविवारी दुपारी लॅपटॉपची सी ड्राइव्ह लाल झाली. ५१२ जीबीतले ३ जीबी उरलेले, म्हणलं आता ट्रिपचे फोटो उडवावे लागणार, पण बघतो तर फोटो बिचारे कोपऱ्यात अंग चोरून बसलेत आणि एकच फाइल १४० जीबी घेऊन मधोमध पसरलीये. एक्स्टेन्शन व्हीएचडीएक्स, म्हणजे फाइलच्या रूपातली आख्खी एक डिस्क. डॉकरचं, म्हणजे प्रोग्रॅम डब्यात (कंटेनरमध्ये) भरून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, सगळं बिऱ्हाड तिच्यात.

आई तेव्हा स्टूलवर चढून माळा आवरत होती. आमच्याकडे श्रीखंडाचा रिकामा डबा कधीच टाकत नाहीत, धुवून पुसून माळ्यावर जातो, "लागतो कधी" म्हणून. माझ्या डॉकर इमेजेसचं (ज्यांवरून कंटेनर चालतात ते तयार साचे) अगदी तेच झालेलं. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १२, १३, १४ आणि १५, नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) चार इमेजेस आणि एकेक १ जीबीच्या वर, शिवाय एका जुन्या क्लायंटसाठी आणलेलं काहीतरी ज्याचं नावही आता आठवत नाही. लागतं कधी.

तशी कंटेनर म्हणजे डबाच ही कल्पना मला पहिल्यापासून आवडते. प्रोग्रॅम, त्याच्या लायब्रऱ्या, सेटिंग्ज सगळं एकात भरायचं, कुठेही नेऊन उघडा चव तीच. २०१३ साली डॉकर आलं ते हेच सांगत, आणि लोक खूश झाले कारण "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते.

पण डब्यात चूल नसते ना. कंटेनर स्वतःचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणत नाही, ज्या घरी उतरतो त्या घरचा वापरतो, आणि आपल्या नेहमीच्या कंटेनरना तो लिनक्सचाच लागतो, कारण एकाचं दुसऱ्याला दिसू नये म्हणून मध्ये पडदे लावणं (नेमस्पेस) आणि कुणाला किती मेमरी, किती सीपीयू याचा हिशेब ठेवणं (सीग्रुप) ही सगळी कामं लिनक्सच्या कर्नलची. आता माझ्या लॅपटॉपवर विंडोज. म्हणजे इंडक्शनवर ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवल्यासारखं झालं, शेगडी नुसती टूं टूं करणार. मग आपण काय करतो, मध्ये लोखंडी तवा ठेवतो, तवा तापतो आणि तव्यावर पातेलं. विंडोजवर तो तवा म्हणजे डब्ल्यूएसएल २, २०२० पासून सगळ्यांना मिळालेला, आत खराखुरा लिनक्स कर्नल चालवणारं एक छोटं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरमधला कॉम्प्युटर. मॅकवाल्यांनी नाक वर करायचं कारण नाही, त्यांच्याकडेही तवा आहेच, फक्त दिसायला बरा. म्हणजे डेस्कटॉपवर कंटेनर चालवतोय असं आपण म्हणतो ते जरा खोटंच असतं.

आणि तवाही फुकट तापत नाही. टास्क मॅनेजर उघडला की व्हीएममेम (त्या व्हर्च्युअल मशीनची मेमरी) नावाचा एक इसम वरच्या नंबरावर बसलेला असतो. न विचारता तो मशीनच्या निम्म्या मेमरीपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे माझ्या १६ मधले ८ जीबी, आणि मग क्रोमची आणि त्याची भांडणं. डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइलमध्ये ४ जीबीची मर्यादा घातली तेव्हा कुठे पंख्याचा आवाज बसला. कोड सी ड्राइव्हवर ठेवून कंटेनरमधून वाचायचा हा दुसरा गाढवपणा, तो मी वर्षभर केला. प्रत्येक फाइल विंडोज ते लिनक्स अशी जकात नाक्यावर थांबून पुढे जाते, आणि नोडच्या प्रोजेक्टमध्ये बारक्या बारक्या फायली हजारोंनी, एनपीएम इन्स्टॉल (लायब्रऱ्या उतरवून घेणारी कमांड) टाकून मी चहा करून, पिऊन, कप विसळून यायचो तरी चालूच. सगळा कोड लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवला आणि चहा निम्म्यावर सुटायला लागला.

असो, तर आवरायला बसलो. डॉकर सिस्टिम डीएफ मारलं की कुठे किती गेलंय ते दिसतं, नुसता बिल्ड कॅशच (इमेजेस बनवताना साठलेला माल) ६१ जीबी. प्रून (नको ते छाटणारी कमांड) मारला. व्हॉल्यूमना (कंटेनरचा डेटा जिथे साठतो) मात्र हात लावला नाही, ती लोणच्याची बरणी, आतला माल आपला असतो. मागे एकदा कंपोझ डाऊन (सगळे कंटेनर एकदम बंद) करताना सवयीनं पुढे डॅश व्ही (व्हॉल्यूमही उडव) लावला होता आणि तीन आठवडे हातानं भरलेला टेस्ट डेटा एका एंटरमध्ये गेला. दोष कुणाला देणार, व्ही मीच टाइप केलेला.

प्रून संपला, ९६ जीबी मोकळे झाले असं छातीठोकपणे सांगून मोकळा झाला. सी ड्राइव्ह बघितली. ३ जीबी.

दोनदा रिफ्रेश केलं. तेच. गंमत अशी की ती व्हीएचडीएक्स फाइल लागेल तशी फुगते पण आतलं काढलं म्हणून आपणहून आकसत नाही. डबे गेले तरी माळा तेवढाच राहणार. मग डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करा, डिस्कपार्ट (विंडोजचं डिस्क सांभाळणारं टूल) उघडा, फाइल सिलेक्ट करा, रीड ओन्ली जोडा, कॉम्पॅक्ट म्हणा आणि टक्के मोजत बसा. ६० टक्क्यांवर बराच वेळ अडकलं तेव्हा पोटात गोळा आला, पण झालं एकदाचं. ड्राइव्ह निळी झाली. आईला हाक मारून दाखवली, तर म्हणाली, "बरं झालं, आता ही गोणी तेवढी खाली नेऊन दे."

गोणी उचलली तर हलकीच लागली. बघितलं तर दोन फुटकी झाकणं आणि एक तडा गेलेला टब. श्रीखंडाचे डबे धुवून ओट्यावर उपडे घातलेले, सात.

सोमवारी सकाळी जुन्या क्लायंटचा फोन आला, एक बग आहे, जरा बघता का. कमांड टाकली. डॉकर म्हणालं इमेज लोकली सापडली नाही, आणि पुलिंग (नव्यानं डाउनलोड) सुरू झालं.