५५ हजारांचा गेमिंग पीसी: टीआरएफसीचा उलगडा आणि बदललेला प्रोसेसर

५५ हजारांत जमवत असलेल्या माझ्या गेमिंग पीसीच्या रॅमच्या दोन्ही स्टिक्स अखेर ३२०० या वेगावर एकत्र चालल्या. मेमरी तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रॅमच्या मोफत आवृत्तीतील चारही फेऱ्या एकही त्रुटी न येता पूर्ण झाल्या आणि एकेकट्या नीट चालणाऱ्या स्टिक्स एकत्र लावल्या की त्रुटी का येतात, हा मागील नोंदीत अर्धवट राहिलेला प्रश्न सुटला. स्लॉट, व्होल्टेज आणि मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला मेमरी हाताळणारा भाग) हे तिन्ही संशयित निर्दोष ठरले असून सारा घोळ टीआरएफसी (मेमरीच्या रिफ्रेशसाठी राखलेला वेळ) या एका आकड्याचा होता.

२०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकल्यापासून एएम५ची (डीडीआर५ मेमरी लागणाऱ्या एएमडीच्या नव्या सॉकेटची) योजना मी बाजूला ठेवली आहे. उत्पादकांनी आपली क्षमता सर्व्हर आणि एआयसाठी लागणाऱ्या मेमरीकडे वळवली, मायक्रॉनने डिसेंबरमध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली आणि डीडीआर५ आपल्या बजेटच्या बाहेर गेली. जुन्या पिढीची डीडीआर४ही महागली, म्हणून वापरलेल्या ८ जीबीच्या दोन स्टिक्स घेतल्या. नवीन जोडीसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली तेव्हा एका दुकानाने मदरबोर्डही तिथूनच घेण्याची अट घातली. टंचाईच्या काळात अशी सक्ती करणे मला अजिबात मान्य नाही. त्यापेक्षा डोळ्यांसमोर तपासून घेतलेली जुनी स्टिक केव्हाही बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही स्टिक्स एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या आणि दोन्हींवर ३२०० सीएल१६ (वेग आणि प्रतिसादाचा विलंब) असे छापलेले. बी५५०एम मदरबोर्डावर, मित्राकडून तात्पुरत्या आणलेल्या रायझन ५ ५६००जी प्रोसेसरसह, प्रत्येक स्टिक एकटी ए२ स्लॉटमध्ये निर्दोष चालत होती. ए२ आणि बी२ स्लॉटमध्ये एकत्र लावून एक्सएमपी (स्टिकमध्ये साठवलेले वेगाचे तयार प्रोफाइल) सुरू केले की मात्र त्रुटींची रांग लागे. वेग २९३३ केला की त्रुटी कमी होत आणि २६६६ला पूर्ण थांबत. मेमरीचे व्होल्टेज किंचित वाढवूनही काही फरक पडत नव्हता, ही बाब मला सर्वांत जास्त खटकत होती.

उलगडा झाला तो स्टिक्सच्या जागा बदलल्यावर. ए२मधली स्टिक बी२मध्ये आणि बी२मधली ए२मध्ये लावताच ३२०० वर सगळे सुरळीत झाले. तेव्हा थायफून बर्नर या प्रोग्रॅममध्ये दोघींची एसपीडी (स्टिकवरच साठवलेली तिची माहिती) शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि चित्र स्पष्ट झाले. पहिली स्टिक १आरएक्स८ आहे, म्हणजे तिच्यावर ८ गिगाबिटच्या आठ चिप्स आहेत; दुसरी १आरएक्स१६ असून तिच्यावर १६ गिगाबिटच्या चारच चिप्स आहेत. बाहेरून मात्र दोघींचे हीटस्प्रेडर आणि लेबल सारखेच.

डीरॅमच्या पेशींतील विद्युतभार सतत गळत असल्यामुळे तो ठरावीक काळाने पुन्हा भरावा लागतो आणि त्या प्रत्येक रिफ्रेशसाठी राखून ठेवलेला वेळ म्हणजे टीआरएफसी. मेमरीचे निकष ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकानुसार ८ गिगाबिट चिपसाठी हा वेळ ३५० नॅनोसेकंद, तर १६ गिगाबिट चिपसाठी ५५० नॅनोसेकंद आहे. ३२००ला एक क्लॉक ०.६२५ नॅनोसेकंदांचे असते, त्यामुळे हे आकडे अनुक्रमे ५६० आणि ८८० क्लॉक होतात. माझा बोर्ड एक्सएमपी लावताना ए२मधल्या स्टिकचे प्रोफाइल वाचून तेच दोघींना लागू करतो, असा निष्कर्ष यातून निघतो. पहिली स्टिक ए२मध्ये असताना दुसरीलाही ५६० क्लॉकच मिळत होते. तेच ५६० क्लॉक २६६६ला ४२० नॅनोसेकंद होतात आणि तेवढा वेळ तिला पुरत होता, म्हणून तिथे त्रुटी थांबत होत्या. आता बायोसमध्ये टीआरएफसी ८८० हाताने भरला आहे आणि स्टिक्स कोणत्याही क्रमाने लावल्या तरी चालतात. इतके दिवस विसंगत वाटणारी प्रत्येक खूण या एका हिशेबात चपखल बसली, याचा आनंद फार मोठा आहे.

अर्थात याची किंमत मोजावी लागते. रिफ्रेश साधारण ७.८ मायक्रोसेकंदांनी एकदा येतो, म्हणजे मेमरीचा सुमारे ४.५ टक्के वेळ रिफ्रेशमध्ये जात होता, तो आता ७ टक्के जाईल. शिवाय १आरएक्स१६ स्टिकमध्ये चारऐवजी दोनच बँक ग्रुप (चिपमधील आळीपाळीने वापरता येणारे पेशींचे गट) असतात, त्यामुळे ती मुळातच थोडी मंद आहे. म्हणून ती विकून दुसरी १आरएक्स८ शोधावी, असे ही नोंद लिहायला घेताना ठरवले होते. पण हे आकडे मांडता मांडता वेगळाच विचार सुचला. आजच्या भावात मेमरी सुधारण्यावर पैसे घालण्यापेक्षा प्रोसेसरची मेमरीवरची भिस्तच कमी करणे अधिक शहाणपणाचे आहे.

आतापर्यंत यादीत रायझन ५ ५५०० होता, कारण तो स्वस्त आहे. त्याची एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, जलद मेमरी) १६ एमबी आहे, तर ५६००ची ३२ एमबी. कॅश दुप्पट असली की प्रोसेसरला मेमरीकडे कमी वेळा धाव घ्यावी लागते आणि काउंटर-स्ट्राइक २सारख्या प्रोसेसरवर ताण देणाऱ्या खेळात नेमका याचाच फायदा होतो. दुसरे कारण ग्राफिक्स कार्डाचे आहे. ठरवलेले आरएक्स ६६०० कार्ड पीसीआयई या जोडणीच्या आठच लेन (वाहिन्या) वापरते. ५५००वर त्या पीसीआयई ३.० वेगाने चालतात आणि सुमारे ८ जीबी प्रतिसेकंद मिळतात. ५६०० आणि बी५५० यांच्यासोबत हाच आकडा जवळपास दुप्पट होतो. कार्डाची ८ जीबी मेमरी पुरी असेल तोवर हा फरक किरकोळ राहतो, पण ती भरली की टेक्स्चर्स याच वाटेने मुख्य मेमरीतून येतात, आणि माझी मुख्य मेमरी तर आधीच मंदावलेली आहे. तेव्हा ५६०० निश्चित.

वाढीव खर्च एसएमपीएसमधून (पीसीला वीज पुरवणाऱ्या भागातून) काढणार आहे. कार्ड १३२ वॅटचे आणि प्रोसेसर ६५ वॅट टीडीपीचा असताना ६५० वॅटचा आग्रह धरण्याचे कारण उरत नाही; चांगल्या बनावटीचा ४५० वॅटचाही पुरेल. फक्त ८० प्लसचा शिक्का पाहून घेऊ नये, कारण तो केवळ कार्यक्षमता सांगतो, संरक्षण-सर्किट्सविषयी काहीच नाही. वेगळा कूलर घ्यायचा नाही. ५६००च्या खोक्यात रेथ स्टेल्थ येतोच.

५६००जी परत केला की ५६००मध्ये अंगभूत ग्राफिक्स नसल्यामुळे कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही, म्हणून खरेदीचा क्रमही बदलला आहे: आधी ६६००, मग प्रोसेसर. वापरलेले कार्ड मिळाले तर मूळ बिल आणि त्यावर जुळणारा अनुक्रमांक या दोन अटींवर मी ठाम राहणार आहे. वापरलेल्या डीडीआर४ स्टिक्स घेणाऱ्यांनी लेबलावर न थांबता चिप्सची रचना एसपीडीतून वाचूनच पैसे द्यावेत.